बाराखडीचा व्हिडिओ मी पाठवणार नाही

मा. गटशिक्षणाधिकारी साहेब, विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख आणि वरच्या कार्यालयांत पहिली-दुसरीच्या वाचनाचे कागद तयार करणारे सर्वजण यांस,

सविनय नमस्कार.

गेल्या आठवड्यात रात्री उशिरा शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सूचना आली. इयत्ता पहिलीच्या प्रत्येक विद्यार्थ्याची वर्णमाला आणि संपूर्ण बाराखडी दिवाळीच्या सुट्टीआधी तोंडपाठ झाली पाहिजे. प्रत्येक मुलाचा बाराखडी म्हणतानाचा व्हिडिओ दिलेल्या लिंकवर टाकायचा आहे. ज्या शाळेचे काम शंभर टक्के होणार नाही, तिथल्या मुख्याध्यापकांनी लेखी खुलासा द्यायचा आहे. सूचनेखाली बघता बघता 'ओके सर'ची रांग लागली. त्या रांगेत मी उभी राहिले नाही, आणि का राहिले नाही ते ग्रुपवर दोन ओळींत सांगण्यासारखे नव्हते.

हे पत्र उघड लिहिते आहे, कारण ज्यांची मुले यंदा पहिलीत बसली आहेत त्या आईवडिलांनीही ते वाचावे अशी इच्छा आहे. तालुक्याचे नाव मुद्दाम टाळले आहे. अशी सूचना एकाच तालुक्यात निघाली असेल असे मला वाटत नाही, आणि कुणा एका साहेबांवर बोट ठेवण्याचा हेतूही नाही.

मी पश्चिम विदर्भातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते. गाव कापूस-सोयाबीनचे. पहिली आणि दुसरी माझ्या खोलीत, तिसरी-चौथी शेजारच्या खोलीत सरांकडे. नोकरीतली बहुतेक वर्षे पहिलीच माझ्याकडे राहिली. इतरांना ती नको असते, मला हवी असते. माझी स्वतःची मुलगी याच खोलीत, याच फरशीवर बसून वाचायला शिकली. तेव्हा या विषयात माझे काय अडले आहे, असे कुणी विचारू नये.

आता मुद्द्यावर येते.

बाराखडी पाठ असणे आणि वाचता येणे यांत किती अंतर आहे, हे ज्याला पाहायचे असेल त्याने एक साधा प्रयोग करावा. खडखडीत बाराखडी म्हणणारे मूल पुढे बसवावे आणि तक्त्यावरच्या 'के' वर बोट ठेवावे. मूल लगेच 'के' म्हणत नाही. ते 'क' पासून सुरू करते, क, का, कि, की, कु, कू करत तालात पळत येते आणि बोट आहे तिथे थांबते. मग 'मे' वर बोट ठेवा, पुन्हा 'म' पासून पळापळ. त्याला 'के' हे अक्षर ओळखू येत नाही, त्याला त्याचा रांगेतला नंबर माहीत आहे. तेच 'के' एखाद्या शब्दात, 'केळी'त किंवा 'केस'मध्ये आले की रांग तुटते आणि मूल गप्प होते.

मुळाक्षरांचेही तसेच. 'घ घराचा, र रथाचा' हे घोकून आलेल्या एका मुलीपुढे मी 'घर' हा शब्द लिहिला. तिने एकेका अक्षरावर बोट ठेवले आणि अगदी प्रामाणिकपणे वाचले : 'घराचा-रथाचा'. तिचे काही चुकले नव्हते. तिला जे शिकवले गेले होते तेच तिने म्हटले. 'घ' म्हणजे तोंडातून निघणारा एक आवाज आहे, 'र' हा दुसरा, आणि दोन्ही एकमेकांना चिकटवले की आपण रोज संध्याकाळी जिथे परततो ते घर होते, हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. चित्र झाकले की अंकलिपीतले अर्धे अक्षरज्ञान उडून जाते, याचा अनुभव पहिलीच्या कुठल्याही शिक्षकाला आहे. व्हिडिओत मात्र हे काही दिसणार नाही. व्हिडिओत सगळी मुले हुशारच दिसतील.

वाचनाचे मूळ अक्षर आणि आवाज यांच्या जोडणीत आहे. आणि ही जोडणी मराठीत सोपी आहे असा जो सार्वत्रिक समज आहे, तो मोठ्या माणसांचा समज आहे. 'जसे बोलतो तसे लिहितो' हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकले आहे की सहा वर्षांच्या मुलाच्या बाजूने ते तपासून पाहायचे राहून गेले.

'कमळ' घ्या. मूल म्हणते 'क', 'म', 'ळ', प्रत्येकात 'अ' धरून. पण आपण बोलताना शेवटचा 'अ' गिळतो. तीन सुटे आवाज भराभर म्हटले तरी 'कमळ' तयार होत नाही. शेवटचा 'अ' सोडायचा हे मुलाला स्वतः शोधावे लागते. 'करवत'मध्ये तर मधलाही जातो. जे मूल घरी भरपूर बोलते-ऐकते त्याला 'अरे, हे तर कमळ' असे पटकन सुचते. ज्याने कमळ कधी पाहिले नाही, शब्दही ऐकलेला नाही, त्याला काय सुचणार? आमच्या गावात कमळ नाही. कापूस आहे.

वेलांटी घ्या. 'कि'मध्ये डोळ्यांना आधी वेलांटी दिसते आणि मग 'क'. तोंडाने मात्र आधी 'क' आणि मग 'इ'. डावीकडून उजवीकडे वाचायचे हे नुकतेच शिकलेले मूल इथे गोंधळते, आणि आपण त्याला लक्ष नाही म्हणून रागावतो.

च, ज, झ यांची गंमत तर आपण मोठे झाल्यावर विसरूनच गेलो आहोत. 'चाक' आणि 'चूल' यांतला च वेगळा, 'चहा' आणि 'चिमणी' यांतला वेगळा. 'माझा' म्हणताना जीभ जिथे लागते, तिथे 'माझी' म्हणताना लागत नाही. अक्षर एकच, आवाज दोन. हे नियम म्हणून शिकवायची गरज नाही, मुले बोलण्यातून ते घेऊनच येतात. पण शिक्षकाला तरी ते ठाऊक हवे. नाहीतर 'च चमच्याचा' म्हणून शिकवलेला आवाज मूल 'चिमणी'ला लावते आणि आपण हसतो.

आणि घरची बोली. आमच्याकडे डोळ्याला 'डोया' म्हणतात, काळ्याला 'काया', पाण्याला 'पानी'. 'ण बाणाचा' म्हटले की मूल 'बान' ऐकते आणि 'बान' म्हणते, मग या चौकोनात 'न' पेक्षा निराळे काय आहे हे त्याला कसे कळावे? 'ण' आणि 'ळ' यांनी एकही मराठी शब्द सुरू होत नाही, म्हणून त्यांची चित्रे नेहमीच शब्दाच्या शेवटाकडून उसनी आणावी लागतात. मेळघाटातल्या कोरकू मुलाचे, गडचिरोलीतल्या माडिया-गोंडी मुलाचे, नंदुरबारच्या पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलाचे तर विचारूच नका. त्यांच्यासाठी 'अ अननसाचा'मध्ये अननसही परका आणि शब्दही परका. आधी मुलाच्या बोलीतला शब्द, मग त्यातला आवाज, मग त्याचे अक्षर, हा क्रम ठेवला तर या मुलांना पहिल्या महिन्यातच आपण बुद्दू आहोत असे वाटणार नाही.

आता वर्णमालेच्या क्रमाविषयी. हा क्रम ज्यांनी लावला त्यांच्या बुद्धीपुढे मी हात जोडते. कंठ, तालू, मूर्धा, दात, ओठ असा घशापासून ओठांपर्यंतचा प्रवास, प्रत्येक ओळीत कठोर-मृदू, अल्पप्राण-महाप्राण, शेवटी अनुनासिक. उच्चारशास्त्राचा इतका सुबक तक्ता क्वचितच सापडेल. पण ज्या कारणाने तो शास्त्र म्हणून सुंदर आहे, त्याच कारणाने तो सहा वर्षांच्या मुलाला अडचणीचा आहे. सर्वांत सारखे वाटणारे आवाज त्यात शेजारी-शेजारी येतात. क, ख, ग, घ एका आठवड्यात. ट, ठ, ड, ढ पुढच्या आठवड्यात. यांचे तर आकारही भावंडांसारखे. कानाला आणि डोळ्याला वेगळेपणा कळायचा असेल तर एकमेकांपासून लांबची अक्षरे आधी द्यावी लागतात. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, थ आणि य यांच्यात महिन्याभराचे अंतर ठेवावे लागते. हे काही मी शोधून काढलेले नाही.

दुसरी अडचण वेळेची. ३४ व्यंजने आणि बाराखडीची १२ रूपे धरली तर ४०८ चौकोन होतात. २००९ च्या शासन निर्णयाने ॲ आणि ऑ वर्णमालेत आल्यावर बाराखडीची चौदाखडी झाली. तो हिशेब केला तर ४७६. विदर्भात शाळा उघडतात जूनच्या शेवटच्या आठवड्यात. पोळा, गणपती, नवरात्र आणि पावसाने बंद पडलेले रस्ते वजा केले तर दिवाळीपर्यंत हातात किती दिवस उरतात, ते आपणच मोजा. एवढ्या दिवसांत हे चौकोन पाठ करवायचे तर सकाळ-संध्याकाळ एका सुरात म्हणून घेण्यापलीकडे काही करताच येणार नाही. भाषेचा तास त्यातच संपेल.

आणि तोवर मूल वाचणार काय? मुळाक्षरे आधी आणि काना-मात्रा नंतर, या जुन्या वाटेने गेले तर कित्येक महिने मुलाच्या वाट्याला फक्त बिनकान्याचे शब्द येतात : नळ, गवत, मगर, बदक. 'छगन, नळ बघ. मगन, गवत बघ.' पहिलीच्या वाचनपाठांत छगन, मगन, कमल आणि भरत यांची इतकी गर्दी का असते याचे मला लहानपणी कोडे होते. त्यांच्या नावाला काना-मात्रा नाही, एवढीच त्यांची पात्रता. 'आई', 'बाबा', 'मामा', 'पाणी', 'भाकरी', म्हणजे मुलाच्या जगातले सगळे महत्त्वाचे शब्द तोवर रांगेत ताटकळत उभे.

याउलट काय करता येते, ते सांगते. म, क, न, र ही चार अक्षरे आणि त्यांच्याबरोबर लगेच काना. एवढ्यात कान, नाक, काम, मान, रान, राम, रमा, मका, मामा, काका, नाना, कमान हे सगळे वाचता येतात. कान आणि नाक यांत अक्षरे तीच, क्रम उलटा. मुले हे शोधतात तेव्हा वर्गात जो गलका होतो तो व्हिडिओ काढण्यासारखा असतो, पण तो मागवलेला नाही. त्यात दीर्घ वेलांटी मिळवली की 'मी काम करीन' हे अख्खे वाक्य तयार. चार अक्षरे, दोन चिन्हे आणि पहिलीतल्या मुलाने स्वतः जोडून वाचलेले, अर्थ असलेले वाक्य. पुढच्या गटात प, स, ल, त आणि उकार घेतले की 'कापूस' येतो. तो शब्द आमची मुले ज्या तोऱ्यात वाचतात, त्या तोऱ्यात 'कमळ' कधीच वाचत नाहीत.

अक्षरगटांची ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचन कसे शिकवावे यावर वर्षानुवर्षे काम केले. पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याला नीलेश निमकर आणि त्यांची 'क्वेस्ट' ही संस्था आदिवासी मुलांच्या शाळांत हेच करत आली आहे. कन्नड आणि मराठी शाळांतल्या मुलांचा पहिलीपासून तिसरीपर्यंत मागोवा घेणारा एक मोठा अभ्यास कर्नाटकातल्या यादगीर आणि आपल्याकडच्या वाडा इथे झाला, त्याचा अहवाल २०१७ साली आला. अर्थाशिवाय अक्षरे घोकून घेतल्याने तिसरीतही किती मुले काना-मात्रांशी अडखळतात, हे त्यात नोंदले आहे. आणि त्याही आधी, मुलाच्या घरच्या वस्तूंपासून आणि घरच्या बोलण्यापासून शिक्षण सुरू करावे हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला करून दाखवले होते. आमच्या प्रशिक्षणांत त्यांच्या तसबिरींना हार घालतात. मग पीपीटी सुरू होते.

अक्षराच्याही आधी कान तयार व्हावे लागतात. आपल्याकडे त्याची साधने घरोघर आहेत. गावांच्या नावांच्या भेंड्या खेळणारे पोर शब्दाचा शेवटचा आवाज पकडायलाच शिकत असते. च-ची भाषा फाडफाड बोलणाऱ्या मुली शब्दांतले आवाज सुटे करून पुन्हा जोडतात, तेही विचार न करता. 'माझ्या नावाचा पहिला आवाज कोणता', 'कप'मधला 'क' काढून 'ज' घातला तर काय होईल, टाळी वाजवून शब्द तोडा : असे खेळ रोज पंधरा मिनिटे, पहिले सहा आठवडे घेतले तर पुढचे काम निम्म्याने हलके होते. पण या खेळांचा पुरावा कुठल्या रकान्यात भरायचा? रकाना नाही म्हणून खेळ नाही.

साहेब, मी सांगते ते आपल्याच कागदांत आहे, हे याहून आश्चर्याचे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने लहान मुलांच्या वाचन-गणिताच्या पायासाठी निपुण भारत अभियान सुरू केले. त्यातले बालवाटिकेचे, म्हणजे पहिलीआधीच्या वर्गाचे, ध्येय असे की मुलाने अक्षरे आणि त्यांचे ध्वनी ओळखावेत, दोन-तीन अक्षरांचे सोपे शब्द वाचावेत. पहिलीचे ध्येय असे की वयाला साजेशा, अपरिचित मजकुरातली चार-पाच सोप्या शब्दांची वाक्ये वाचावीत. 'अपरिचित' हा शब्द कृपा करून पुन्हा वाचावा. बाराखडीइतके परिचित दुसरे काही नसते. ऑक्टोबर २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही मौखिक भाषा, शब्द ओळखणे, वाचन आणि लेखन हे चारही भाग रोजच्या रोज एकत्र चालावेत असे म्हटले आहे. तोंडपाठ बाराखडी यांतल्या कुठल्या भागात बसते?

तपासणीच करायची असेल तर त्यालाही माझी ना नाही. इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिल्या इयत्तेच्या मुलांची एक छोटी चाचणी होते. ४० शब्द, त्यांतले २० खरे आणि २० बनावट, म्हणजे अर्थ नसलेले. बनावट शब्द पाठ करता येत नाहीत, चित्रावरून ओळखता येत नाहीत. आवाज जोडता आले तरच वाचता येतात. आपणही 'नाकम', 'रीकान' असे पाच शब्द आणि एक न पाहिलेले वाक्य घेऊन या. शिक्षकाने काय केले आणि काय केले नाही, ते पाच मिनिटांत कळेल. माझेही कळेल.

'आम्ही सगळे बाराखडी घोकूनच शिकलो, आमचे काय बिघडले?' हा प्रश्न प्रत्येक शिक्षण परिषदेत येतो, म्हणून त्याचे उत्तर इथेच देते. आपण शिकलो, खरे आहे. आपल्या बरोबर पहिलीत बसलेले आणि न शिकलेले जे होते, ते आज शिक्षण परिषदेला येत नाहीत. ते आमच्या गावात आहेत. मुलाच्या दाखल्यावर अंगठा उठवतात आणि 'मॅडम, आमच्या डोक्यातच नव्हतं' असे म्हणतात. खेड्यापाड्यांतल्या मुलांचे वाचन-गणित तपासणाऱ्या 'असर' पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २३.४ टक्के आहेत. महाराष्ट्राचा आकडा त्याहून बरा, तरीही निम्म्याच्या खालचा. यांतल्या कितीतरी मुलांना बाराखडी पाठ असेल.

बाराखडी फेकून द्या असे मी म्हणत नाही. मूल वाचू लागले की तीच बाराखडी त्याला आवडते. सगळे एका जागी मांडलेले पाहून 'हे सगळं मला येतं' असा आनंद होतो. शब्दकोश बघायला वर्णमालेचा क्रमही लागतो. तो शेवटी यावा, एवढेच.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात सांगते, कारण त्या आपल्यालाही ठाऊक आहेत.

बाजारातले तक्ते आणि मोबाइलवर फिरणारी अक्षरगाणी यांच्यावर कुणाचा धरबंद नाही. कित्येक तक्त्यांत ल आणि श हिंदी वळणाचे असतात. एकात 'ळ' नव्हताच. गाण्यांत 'ज्ञ'चा 'ग्य' होतो आणि 'ऋ'चा 'रि'. आईबाप कौतुकाने तीच गाणी लावून देतात आणि मग शाळेत आम्ही मुलाच्या कानातला आवाज खोडत बसतो.

इंग्रजी आपल्या शाळांत २००० सालापासून पहिलीतच आहे. तालुक्याच्या गावी इंग्रजी 'फोनिक्स'चे वर्ग पैसे भरून चालतात. अक्षराचे नाव वेगळे, आवाज वेगळा हे तिथे आवर्जून शिकवतात आणि त्याचे कौतुक होते. हीच काळजी मराठी अक्षरांबाबत घ्यावी म्हटले की 'मराठी काय, घरचीच' असे उत्तर मिळते. २०२५ च्या एप्रिल ते जूनमध्ये पहिलीपासून तिसरी भाषा हवी की नको यावर राज्य ढवळून निघाले, निर्णय निघाले आणि जूनअखेर मागेही घेतले गेले. पहिलीत भाषा किती हव्यात यावर सगळे बोलले. त्यांतली एक तरी भाषा मुलाला वाचता येते का, हे त्या गदारोळात फार थोड्यांनी विचारले.

मुलांचे चेहरे असलेले व्हिडिओ कुठल्या लिंकवर जातात, ते कोण पाहते, किती दिवस ठेवले जातात, याविषयी सूचनेत एक अक्षर नाही. पालकांना विचारावे असेही त्यात म्हटलेले नाही.

आणि वेळ. पोषण आहाराची नोंद, आधार जुळणी, या ना त्या ॲपवरची माहिती, मतदार यादीचे काम. दोन वर्ग एका खोलीत असताना मी मोबाइलमध्ये मान घालून बसते, तेव्हा दुसरीची मुले पहिलीला बाराखडीच म्हणायला लावतात, कारण तेवढेच त्यांना शिक्षकाशिवाय घेता येते.

म्हणून माझ्या मागण्या अशा :

बाराखडी पाठांतराची आणि व्हिडिओची सूचना लेखी मागे घ्यावी. तोंडी 'बघून घ्या' नको. तोंडी मागे घेतलेले आदेश पुढच्या वर्षी पुन्हा उठतात.

पाठांतराच्या टक्केवारीवरून शाळांची यादी लावणे आणि खुलासे मागवणे बंद करावे.

पहिलीचे पहिले सहा आठवडे ऐकणे, बोलणे आणि आवाजांचे खेळ यांना द्यावेत, आणि त्या काळात अक्षरओळखीची कोणतीही माहिती मागवू नये.

अक्षरे कोणत्या क्रमाने घ्यायची हे ठरवण्याचे स्वातंत्र्य शिक्षकाला लेखी द्यावे. काना-मात्रा पहिल्या गटापासूनच घेण्यास तपासणीला आलेल्या कुणी हरकत घेऊ नये. मागच्या वर्षी एका तपासणीत 'अजून ञ झाला नाही आणि वेलांटी कशी काय घेतली' असा शेरा माझ्या वहीत पडला आहे. 'ञ' मी अजूनही घेतलेला नाही.

प्रत्येक अक्षरगटासाठी त्याच अक्षरांत वाचता येतील अशी छोटी वाचनपुस्तिका आणि कार्डे शाळेला द्यावीत. आमच्या भागातल्या शब्दांची, आमच्या शिक्षकांकडून लिहून घेतलेली. ठळक टाइप, चार-सहा पाने, काळा-पांढरा छाप चालेल.

प्रशिक्षण सभागृहात न घेता पहिलीच्या चालू वर्गात घ्यावे. ज्याने प्रशिक्षण द्यायचे त्याने आधी खऱ्या मुलांना एक तास घेऊन दाखवावा.

पहिलीच्या शिक्षकाला जून ते सप्टेंबर कोणतेही अशैक्षणिक काम देऊ नये. द्विशिक्षकी शाळेत हे अवघड आहे याची मला कल्पना आहे. तरी मागते.

मूल सहा वर्षांचे असताना कुठल्याही कागदावर त्याच्या नावापुढे 'अप्रगत' लिहू नये.

यातले काही आपल्या अधिकारात असेल, काही नसेल. जे नसेल ते शेरा मारून वर पाठवावे ही विनंती. सूचना मागे घेतली नाही तर माझ्या मुख्याध्यापकांना खुलासा द्यावा लागेल. तो मी स्वतः लिहून माझ्या सहीने देईन, त्यांना त्यात ओढू नये.

व्हिडिओऐवजी मी आपल्याला वर्गात येण्याचे आमंत्रण देते. येताना मुलांनी न पाहिलेला मजकूर आपण स्वतः लिहून आणा. फक्त म, क, न, र, प, स, ल, त ही अक्षरे आणि काना, वेलांटी, उकार एवढेच त्यात ठेवा. ऑक्टोबरपर्यंत आमचे तेवढेच होते. वाचनाचा तास परिपाठ संपल्यावर लगेच असतो. बस साडेदहाला फाट्यावर येते, तिथून शाळा चालत दहा मिनिटांवर. खिचडीनंतर येऊ नये, तेव्हा निम्मी पोरे पेंगलेली असतात.

आपली नम्र,
इयत्ता पहिलीची शिक्षिका